अव्वा सेज

वहीच्या पहिल्या पानावर मी लाल पेनानं लिहिलं होतं, 'ए फॉर अ‍ॅपल नको. पी फॉर पोमग्रॅनेट.' खाली दोन रेघा. त्या संध्याकाळी मला स्वतःचं फारच कौतुक वाटलं. सोलापूरच्या मुलांना सफरचंद कशाला? डाळिंब दारात आहे, सांगोल्याकडून टेम्पो भरभरून येतं, देशाचं डाळिंब संशोधन केंद्रसुद्धा आपल्याच केगावला आहे. दुसऱ्या दिवशी खालच्या भाडेकरूंच्या मधल्या मुलाला पकडलं आणि तो शब्द म्हणायला लावला. तीनदा त्यानं प्रामाणिक प्रयत्न केला. 'पोमो… पोमगर… पोमरगेट…' चौथ्यांदा थांबला आणि माझ्याकडं दयेनं बघत म्हणाला, "आंटी, अ‍ॅपलच बरं हाय की."

माझी तयारी सुरू झाली ती अशी.

मी सव्वीस वर्षं बँकेत काढली. मग मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि पहिले दोन महिने कपाटं आवरली. तिसऱ्या महिन्यात मैत्रिणीचा फोन. ती शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत राहते. घरात तेलुगू, आणि शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलेली. निवृत्तीनंतर संध्याकाळी आपल्या माडीवर ती आसपासच्या मुलांचा अभ्यास घेते. बहुतेकांचे वडील लूमवर, आया विड्या वळणाऱ्या. "गणित-मराठी मी बघते," ती म्हणाली, "जूनपासून इंग्रजी तू घे. तुला येतंय की." मी हो म्हटलं. चहा घेणार का, याला म्हणतात तसं.

रात्री ते 'येतंय की' टोचायला लागलं. पोहता येणारा माणूस काठावरून बुडणाऱ्याला 'हात मार, हात मार' एवढंच ओरडू शकतो. माझं इंग्रजी तसंच होतं. पत्रं लिहिता येत होती, परिपत्रकं कळत होती, मुंबईहून आलेल्या साहेबांशी अर्धा तास बोलता येत होतं. पण 'अ' कुठं लावायचा आणि 'द' कुठं, हे कुणी विचारलं तर सांगायला माझ्याकडं काही नव्हतं. कानाला बरं लागतं तिथं लावते, एवढंच.

म्हणून रीतसर शिकायचं ठरवलं. परकी भाषा म्हणून इंग्रजी मुलांना कशी शिकवावी याचा ऑनलाइन कोर्स, 120 तासांचा. शिकवणाऱ्या बाई कुठल्यातरी थंड गावातून बोलायच्या, त्यांच्या मागच्या खिडकीत कायम पावसाळी उजेड. इकडं मे महिना, पारा 43 वर, पंखा गरम हवा नुसती ढवळतोय, आणि बाई सांगतायत की वर्गात खऱ्या वस्तू न्या, उदाहरणार्थ मफलर आणि हातमोजे. वर्गात खरी वस्तू नेण्याला त्यांच्याकडं 'रिअ‍ॅलिया' असं भारदस्त नाव आहे. आमच्या आजीनं सूप पुढ्यात ठेवून 'हे सूप' म्हटलं तेव्हा ती रिअ‍ॅलिया वापरत होती, हे तिला कळलं असतं तर बरं वाटलं असतं.

चेष्टा पुरे. कोर्सनं पुष्कळ दिलं. धडा आखताना मुलं काय करणार हे आधी लिहायचं, आपण काय बोलणार हे मागून. सूचना चार शब्दांच्या वर जाऊ द्यायची नाही. आणि 'समजलं का?' हा प्रश्न विचारायचाच नाही, कारण त्याचं उत्तर सगळ्या जगात 'हो' हेच येतं. हे वाचून मी वही बंद करून बसले. काउंटरवर मी हा प्रश्न दिवसातून किती वेळा विचारला असेल! समोरची बाई मान हलवायची, आणि मग बरोबर चुकीच्या रकान्यात सही करायची. माझी चिडचिड व्हायची. 'हो म्हणालात ना?' असं मी म्हटलेलंही आठवतंय, आणि ते आठवायला मला आवडत नाही.

जेम्स अ‍ॅशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1960च्या दशकात मांडलेली पद्धतही त्या कोर्समध्येच भेटली. त्याचं म्हणणं असं की लहान मूल आईची भाषा आधी अंगानं शिकतं. 'ये', 'बस', 'दे', 'टाटा कर'. वर्ष-दीड वर्ष ते हुकूम पाळतं आणि तोंडातून मात्र नीट शब्द काढत नाही, आणि कुणीही त्याला नापास करत नाही. मग दुसरी भाषा शिकवतानाही तसंच करा. सांगा, करून दाखवा, करू द्या, बोलायची सक्ती नको. स्टीफन क्रॅशन या भाषाशास्त्रज्ञानंही या गप्प काळाबद्दल लिहिलंय. नवी भाषा कानावर पडायला लागली की काही मुलं आठवडेच्या आठवडे, महिनेसुद्धा बोलत नाहीत. त्यांचं आत काम चालू असतं. हे मला फार पटलं, कारण भाडेकरूंची धाकटी माझ्यासमोर तोंडच उघडत नव्हती. तिच्याकडं परत येते.

कोर्समधली एक गोष्ट मात्र माझ्या गळी उतरेना. त्यांनी दोन खण केले होते. वर्गाबाहेर पडल्यावरही जी भाषा लागते ती 'दुसरी भाषा'. वर्ग सुटला की जी संपते ती 'परकी भाषा'. आता पूर्व भागातल्या मुलाला मी कुठल्या खणात टाकू? त्याच्या गल्लीत इंग्रजी कोणी बोलत नाही. पण गल्लीतली निम्मी पाटी इंग्रजी आहे, औषधाचं पाकीट इंग्रजी आहे, लाईट बिलावर इंग्रजी आहे, मोबाईल तर आहेच. आणि एका दुपारी तर तो खणच मोडला.

मैत्रिणीच्या नात्यातल्या एकांचा चादरीचा कारखाना आहे. 'मुलं कुठनं येतात ते बघ तरी,' म्हणून ती मला घेऊन गेली. आत शिरल्यावर पहिली पाच मिनिटं कान काम करत नाहीत. लूमचा आवाज पायातून वर चढतो. माणसं एकमेकांशी ओठांनी आणि हातांनी बोलतात. एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा बापाचा डबा घेऊन आला होता. त्याला मी बाहेरच्या कट्ट्यावर बसवलं आणि म्हटलं, आत काय काय असतं ते सांग. तो बोटांवर मोजायला लागला. लूम. शटल. बॉबिन. बीम. मोटार. बेल्ट. डिझाईन. कार्ड. शिफ्ट. चेकिंग. पॅकिंग. जॅकार्ड, ज्याला त्याचा आजा 'जकाट' म्हणतो. मी लिहीत गेले. तेवीस शब्द झाले.

"एवढं इंग्रजी येतं तुला?"

"नाही," तो म्हणाला. "इंग्रजी येत नाही. हे आमचंच हाय."

बरोबरच होतं त्याचं. त्यातला जकाट तर इंग्रजांचाही नाही. फ्रान्समधल्या लियों शहरातल्या जोसेफ मारी जॅकार्डनं 1804 मध्ये हे यंत्र पुढं आणलं. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, भोक असेल तिथं धागा उचलला जातो, नसेल तिथं राहतो, आणि चादरीवर मोर उमटतो. पुढं अशीच भोकांची कार्डं संगणकात गेली. माणसाचं आडनाव यंत्राला मिळालं, ते फ्रेंचमधून इंग्रजीत आलं, आणि पूर्व भागातल्या आजोबाच्या तोंडात जकाट होऊन तेलुगू वाक्यात बसलं. शब्दांना कुणी ए, बी, सी, डीपासून शिकवलं नव्हतं.

त्या रात्री वहीतलं डाळिंब मी खोडलं. चूक डाळिंबाची नव्हती. सफरचंदाच्या जागी डाळिंब ठेवलं की शिकवणं आपल्या मातीतलं झालं, असं मी समजत होते. फळ बदललं, टोपली तीच. मुलाकडं आधीच काय आहे हे मी विचारलंच नव्हतं. वहीचं नवं पान काढलं आणि वर लिहिलं, 'जमा बाजू'. बँकेची सवय.

जमा बाजू भरायला लागले तर ती भरतच गेली.

पहिली नोंद आकड्यांची. भाडेकरीण बाई दारात बसून विड्या वळतात, सुपात तंबाखू, बाजूला कापलेली पानं. मजुरी हजारावर. पंचवीस विड्यांचं एक बंडल. मोठी मुलगी आईला बंडलं मोजू लागते आणि चाळीस झाली की हजार, हे तिला पाढ्याशिवाय कळतं. तिला मी इंग्रजी आकडे घ्यायला लागले. माझा अंदाज होता की वीसच्या पुढं गाडी अडणार, कारण माझी स्वतःची अडली होती. मराठीत आपण 'पंचवीस' म्हणतो, म्हणजे पाच आधी आणि वीस नंतर. इंग्रजीत वीस आधी. पाचवीत असताना मी 'पासष्ट'ला कायम 'फिफ्टी सिक्स' लिहायची आणि कायम रट्टा खायची. ही पोरगी मात्र सरळ 'ट्वेंटी फाइव्ह, ट्वेंटी सिक्स' म्हणत गेली. मी विचारलं, शाळेत पाठ करून घेतलं का? नाही. मग तिनं तेलुगूत मोजून दाखवलं. 'इरवै अय्दु.' वीस पाच. कानडीतही तसंच, 'इप्पत्तैदु'. म्हणजे तिच्या घरातली भाषा आणि इंग्रजी या बाबतीत सख्ख्या बहिणी, आणि मधल्यामध्ये आपली मराठीच उलटी. 2019 मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशी जोड दिली तेव्हा महाराष्ट्रभर केवढी टिंगल झाली होती! मीही दोन विनोद पुढं ढकलले होते. पूर्व भागातल्या मुलांना त्यात हसण्यासारखं काय होतं, कुणास ठाऊक.

दुसरी नोंद अक्षरांची. 'सी'चा उच्चार 'कॅट'मध्ये क आणि 'सिटी'मध्ये स कसा, हे मुलांना कसं पटवायचं, या काळजीत मी दोन दिवस घातले. आपल्याकडं क म्हणजे क, अशी माझी शाळकरी समजूत. मग चुलीवर भाकरी टाकताना सुचलं. चुलीतला च आणि चिमणीतला च एक आहे का? नाही. जोंधळ्यातला ज आणि ज्वारीतला ज? धान्य एकच, लिहायला अक्षर एकच, आणि तोंडात दोन आवाज. सोलापूरचं पोर दिवसातून दहा वेळा हे बिनबोभाट करतं. मग त्यालाच सांगायचं, जोंधळा-ज्वारीसारखंच रे हे, एका अक्षराच्या पोटात दोन आवाज. मोठीनं ऐकलं आणि लगेच यादी करायला बसली. चाक, चार, चांदोबा, चहा. दहा मिनिटांत इंग्रजीचा तास मराठीचा झाला. मी होऊ दिला. (कोर्सच्या बाईंनी गुण कापले असते.)

आणि उलटीकडून बघितलं तर इंग्रजीनंही आपल्या अक्षरांत हात घातलाच आहे. बॅट आणि बॉल लिहायला आपण अ‍ॅ आणि ऑ घेतले, आणि शाळेत बाराखडीची चौदाखडी झाली. मी शिकले तेव्हा बाराच होत्या. मुलांना हे सांगितल्यावर मधल्यानं विचारलं, "मग त्यांनी आपला ळ घेतला का?" नाही घेतला. "मग सोलापूरचा बाळ्या तिकडं गेला तर?" बाल्या होईल, मी म्हटलं. त्याला ते अन्यायाचं वाटलं.

तिसरी नोंद मला सगळ्यांत आवडते. 'आय अ‍ॅम' हा आपल्या मुलांच्या इंग्रजीतला जुना रोग आहे. पहिल्याच धड्यात 'मी आहे म्हणजे आय अ‍ॅम' असं शिकवतात, आणि मग ते 'अ‍ॅम' मी या शब्दाचं शेपूट असल्यासारखं सगळीकडं लागतं. 'आय अ‍ॅम गो', 'आय अ‍ॅम ईट'. मी व्याकरणाच्या पुस्तकातून चालू वर्तमानकाळ समजावला, 'मी खात आहे, मी खेळत आहे.' तिन्ही मुलं कंटाळून भिंतीवरची पाल बघत बसली. सोलापुरात 'मी खेळत आहे' असं कोण बोलतं? तेवढ्यात खालून त्यांच्या मित्राची हाक आली, "काय करलालास बे?" मधला खिडकीतून ओरडला, "आंटीकडं शिकलालोय!"

मी त्याला तिथंच धरलं. शिकलालोय! प्रमाण मराठीच्या पुस्तकात हे रूप सापडायचं नाही, आणि पुण्यात बोललं तर माणसं हसतात. ट्रेनिंगला गेले होते तेव्हा माझ्या 'येलालेय'ला हसली होती आणि मी ते जिभेवरून घासून काढलं होतं. पण हे रूप करतं काय? काम आत्ता, या क्षणी चाललंय, एवढंच सांगतं. 'खेळतो' म्हणजे रोज खेळतो. 'खेळलालोय' म्हणजे आत्ता, बॅट हातात आहे. मी फळ्यावर एका बाजूला 'आय प्ले' लिहिलं, दुसऱ्या बाजूला 'आय अ‍ॅम प्लेइंग', आणि विचारलं, यातलं 'खेळलालोय' कुठलं? मधल्यानं जागेवरूनच दुसरीकडं बोट केलं. मोठी म्हणाली, "म्हणजे लालोय म्हटल्याशिवाय अ‍ॅम आणि इंग लावायचं नाही." असा नियम मला कुठल्याच पुस्तकात मिळाला नव्हता. तो मी तिच्या शब्दांत वहीत उतरवला.

जमा बाजूचं कौतुक करताना खर्चाची बाजू लपवणं बरं नव्हे. काही ठिकाणी इंग्रजीच तोकडी पडते, आणि मग शिकवणाऱ्याचे हाल होतात. 'वी' म्हणजे आम्ही आणि 'वी' म्हणजे आपण, असं मी सहज सांगून पुढं जात होते. मधल्यानं अडवलं.

"आंटी, 'वी आर गोइंग' म्हटलं तर तुम्ही येणार का नाय येणार?"

मराठीत आम्ही-आपण, तेलुगूत मेमु-मनम. दोन्ही घरांत हा फरक दगडावरची रेघ आहे. आम्ही जत्रेला चाललो म्हटलं की समोरच्यानं समजून घ्यायचं, आपण म्हटलं की चपला घालायच्या. मी म्हटलं, इंग्रजीत ते नुसत्या शब्दावरून कळत नाही. "मग जायचं कसं?" तो म्हणाला. माझ्याकडं उत्तर नव्हतं. काका, मामा, आत्याचे यजमान सगळे एका 'अंकल'मध्ये कोंबतात, हे कळल्यावर तर इंग्रज लोकांविषयी त्याचं मत फारच खाली गेलं. मी गेली दहा वर्षं गल्लीची 'आंटी' आहे आणि हा शब्द तो मराठी समजतो, हे मात्र मी त्याला सांगितलं नाही.

माझं स्वतःचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. पहिलीपासून इंग्रजी महाराष्ट्रात 2000 साली आली, आम्ही त्याच्या कितीतरी आधीचे. इंग्रजीच्या आधी आमच्याकडं एकच लांबलचक शब्द होता, 'मेआयकमिन'. त्याचा अर्थ, दार. उंबऱ्यापाशी उभं राहायचं, तो शब्द म्हणायचा, सर मान हलवणार. एकदा पोटात दुखायला लागलं म्हणून मला बाहेर जायचं होतं. मी दाराशी गेले, वळले आणि तोच शब्द म्हणाले. वर्ग हसला. सर सगळ्यांत जास्त हसले आणि मग त्यांनी मला आत-बाहेर, आत-बाहेर, असं पाच वेळा करायला लावलं. पोटदुखी राहिली बाजूला. पुढची तीन वर्षं मी इंग्रजीच्या तासाला स्वतःहून तोंड उघडलं नाही. कोर्समध्ये वाचलं की मुलं परकी भाषा अशा अख्ख्या गाठोड्यांनीच घेतात आणि गाठ मागाहून सोडतात, ती शिकण्याची रीतच आहे. म्हणजे दहा वर्षांची ती मुलगी अगदी बरोबर रस्त्यावर होती. हे वाचल्यावर चाळीस वर्षांनी मला त्या सरांचा नव्यानं राग आला. राग ताजा होता, याचंच आश्चर्य वाटलं.

खरी परकी भाषा म्हणजे काय, याचा विचार मी भैय्या चौकातून जाताना करते. तिथं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. 1910 साली सोलापुरात जन्मलेला हा माणूस 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, 1942 च्या डिसेंबरात, वयाच्या 32व्या वर्षी, तिथंच गेला. मधल्या चार वर्षांत जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, चिनी भाषा शिकला, तिकडच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवलं, तिथल्याच नर्सशी लग्न केलं. मुलाच्या नावात 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. शाळेत आम्हाला त्यांचा त्याग शिकवला. मला आता वेगळंच दिसतं. तंबूत जखमी आणलाय आणि सोलापूरच्या या डॉक्टरला 'कुठं दुखतंय' एवढं विचारता आलं पाहिजे. पहिल्यांदा विचारलं तेव्हा सूर चुकला असेलच, चिनीत सुरावर अर्थ बदलतो. पण समोरचा हसला नसेल, त्यानं दुखतंय तिथं बोट ठेवलं असेल.

जून जवळ आला तेव्हा मैत्रिणीनं आयांची बैठक घेतली. पंधरा-सोळा जणी आल्या, दोघी-तिघींच्या मांडीवर सूप होतंच, हात थांबत नव्हते. पहिला प्रश्न अपेक्षित होता, "किती दिवसांत फाडफाड बोलंल?" मी माझं छान तयार केलेलं भाषण काढलं, घाई नको, आधी ऐकू द्या, चुका होऊ द्या. माना हलल्या. समजलं का, असं मी विचारलं नाही, पण माना हलल्या तशाच, काउंटरसमोर हलायच्या तशा. मग कोपऱ्यातल्या एकीनं मोबाईल पुढं केला. "बोलायचं बोलंल कधीतरी. हे काय आलंय ते वाचता आलं तर लई झालं." भविष्य निर्वाह निधीचा मेसेज होता, इंग्रजीत. तिच्या खात्यात किती जमा झाले तो आकडा. तीन महिने ती तो फोनमध्ये घेऊन फिरत होती. शेजारच्याला दाखवायचा तर पैसा किती आहे ते कळेल, म्हणून दाखवला नव्हता.

मी वाचून कानात सांगितलं. तिनं मान डोलावली आणि पुन्हा पान उचललं. माझ्या आखलेल्या धड्यांत प्राणी होते, रंग होते, हवामान होतं. 'क्रेडिटेड' आणि 'बॅलन्स' नव्हते. मी सव्वीस वर्षं ज्या शब्दांवर पगार घेतला ते दोन शब्द मुलांना कठीण जातील असं समजून मी बाजूला ठेवले होते. 'बॉबिन' म्हणणाऱ्या पोराला 'बॅलन्स' जड जाणार होता काय?

आता धाकटी. सहा वर्षांची, दोन वेण्या, पुढचे दोन दात पडलेले. अकरा दिवस ती रोज वर यायची, भावंडांच्या मागं बसायची आणि एक शब्द बोलायची नाही. मी क्रॅशनवर भरवसा ठेवून गप्प राहिले, पण खोटं कशाला बोलू, सातव्या दिवशी मी तिला चॉकलेट दाखवून 'से थँक्यू' म्हटलं होतं. तिनं चॉकलेट न घेता हात मागं घेतला. मला माझी लाज वाटली.

अ‍ॅशरचा हुकमांचा प्रकार मी खेळातून घेत होते. कोर्समध्ये 'सायमन सेज' होता. 'सायमन सेज टच युवर नोज' म्हटलं तर नाकाला हात लावायचा. सायमनचं नाव न घेता नुसतं 'टच युवर नोज' म्हटलं आणि कुणी हात लावला तर तो आऊट. पहिल्याच डावात मधल्यानं विचारलं, "सायमन कोण?" असाच एक माणूस, मी म्हटलं. "मग त्याचं का ऐकायचं?" प्रश्न रास्त होता. तुमच्या घरी कुणाचं ऐकतात? तिघांचे डोळे एकदम खाली, जिन्याकडं गेले. खाली त्यांची आजी, अव्वा, खाटेवर बसलेली असते. हातात काठी, जी कधी कुणाला लागलेली मी पाहिली नाही, पण तिचा धाक तीन खोल्यांना पुरतो. सायमन गेला, अव्वा आली. 'अव्वा सेज स्टँड अप. अव्वा सेज क्लोज युवर आईज.' धाकटी सगळं करायची, सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत बरोबर. एकदाही आऊट झाली नाही. बोलायची मात्र नाही.

आमच्या दोघींच्या मध्ये, शब्दांच्या शेवटी, आणखी एक भानगड होती. या घरात व्यंजनावर शब्द थांबत नाही. बसचा 'बस्सु' होतो, पेनचा 'पेन्नु', बुकचा 'बुक्कु'. तेलुगूला ते शेवटचं 'उ' लागतंच. मी वहीत त्याच्यावर स्वतंत्र पान केलं होतं, आरशासमोर ओठ कसे मिटायचे याचे सराव, कागद तोंडासमोर धरून हवा किती येते ते बघायचं, असं बरंच काही.

वर्ग सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी मी तेच पान हातात घेऊन कपाटाच्या आरशासमोर उभी होते. पहिल्या दिवसाचं बोलणं म्हणून बघत होते, हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. लाईट गेलेली, खिडकीतून थोडा उजेड. जिन्यावर पावलं वाजली नाहीत, की मला ऐकू आली नाहीत. दारातून आवाज आला.

"अव्वा सेज सिट्टु डाऊन्नु."

धाकटी. एका हातात कडक भाकरीचा तुकडा, दुसरा हात कमरेवर, अगदी खालच्या आजीसारखा. मी पान बाजूला ठेवलं आणि पलंगाच्या कडेला बसले.

"अव्वा सेज क्लोज युवर आईजु."

मी डोळे मिटले. भाकरी चावल्याचा आवाज आला. तिनं बराच वेळ घेतला.

"ओपन युवर आईजु. स्टँड अप्पु."

मी डोळे उघडले आणि उठले.

"आऊट्टु!" ती किंचाळली, पडलेल्या दातांच्या फटीतून भाकरीचे कण उडवत. मग माझं तोंड बघून, जरा समजावणीच्या सुरात, मराठीत म्हणाली, "अव्वा कुठं म्हणाली होती?"